चाक कशाने मोडले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा भाचा कोल्हापूरहून मोटारीने पुण्याला येत होता. कऱ्हाड मागे पडले होते, अंधार झाला होता आणि पावसाची झड लागली होती. रस्त्यातला खड्डा पाण्याने भरलेला असला, की तो खड्डा आहे की नुसते डबके, हे चाक त्यात गेल्यावरच कळते. तसेच झाले. धाडकन आवाज आला, गाडी एका अंगाला कलली आणि पुढचा डावा टायर पार बसला. टायर फुटला असे समजून त्याने भर पावसात स्टेपनी चढवली आणि कसाबसा तो पुण्याला पोचला.

सकाळी टायरवाल्याने चाक उघडले, तेव्हा टायरला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. मोडले होते ते चाकच! आतल्या बाजूच्या काठाचा वीतभर लांबीचा तुकडा निखळून आला होता. गाडीबरोबर कारखान्यातून आलेली साधी पोलादी चाके काढून त्याने ही चकचकीत, मोठ्या व्यासाची ॲल्युमिनियमची चाके चौदा महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने बसवली होती.

“मामा, खड्डा काही एवढा मोठा नव्हता,” भाचा पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी त्याला ते चाक आणि तो तुकडा टाकून देऊ नकोस म्हणून बजावले. धातूची वस्तू मोडली, की मोडलेल्या जागेवर तिची हकिकत लिहिलेली असते. ती वाचायला एक साधे भिंग पुरते. आम्ही तुकडा उन्हात धरला आणि भिंगातून पाहिला. मोडलेल्या जागेचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. मोठा भाग स्वच्छ, खरखरीत आणि साखरेच्या दाण्यांसारखा चमकणारा होता. काठाजवळचा, नखाएवढा भाग मात्र काळपट, मळकट आणि बराचसा गुळगुळीत होता. त्यावर शिंपल्यावर असतात तशा पुसट वक्र रेषा होत्या. त्या रेषा ज्या ठिकाणापासून निघाल्या होत्या, तेथे टाचणीच्या टोकाएवढा एक काळा खळगा होता.

याचा अर्थ काय? चमकणारा भाग त्या रात्री मोडला. काळपट भाग त्याच्या कितीतरी आधीच मोडलेला होता. भेगेत ब्रेकची धूळ आणि पावसाचे पाणी शिरून तो काळवंडला होता. म्हणजे भाचा कित्येक आठवडे तडा गेलेल्या चाकावर गाडी चालवत होता. खड्ड्याने फक्त शेवटचा घाव घातला.

धातूलाही शीण येतो

बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती तार घ्या. ती एकदा वाकवली तर मोडत नाही. पण त्याच जागी पुढे-मागे वाकवत राहा. दहा-पंधरा वेळा वाकवल्यावर ती मोडते. एका वेळी जो ताण धातू सहज सोसतो, तोच ताण पुन्हा पुन्हा दिला तर तो धातूला मोडू शकतो. याला धातूचा शिणवटा म्हणतात.

या शिणवट्याच्या अभ्यासाला चाकांच्या कण्यांमुळेच मोठी चालना मिळाली, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा कणा मोडला. मागचे डबे त्यावर आदळले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. लोखंडी, जाडजूड कणा साध्या ओझ्याने कसा मोडावा, हे कोणालाच उमगेना. पुढे जर्मनीतील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी कण्यांचे नमुने यंत्रात फिरवून, त्यांच्यावर निरनिराळे भार टाकून, किती फेऱ्यांनंतर ते मोडतात याची वर्षानुवर्षे मोजदाद केली. १८७० सालापर्यंत चित्र स्पष्ट झाले होते. भार जितका जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत कणा मोडतो. भार एका ठराविक मर्यादेखाली ठेवला, तर मात्र तो कितीही फिरवला तरी मोडत नाही.

येथे एक मेख आहे. अशी सुरक्षित मर्यादा साध्या पोलादाला असते, ॲल्युमिनियमला नसते! ॲल्युमिनियमवरचा ताण कितीही कमी केला, तरी त्याचे आयुष्य फक्त लांबते, अमर्याद होत नाही. म्हणून ॲल्युमिनियमची वस्तू करताना ती किती फेऱ्या टिकायला हवी हे आधी ठरवावे लागते आणि त्या बेताने तिची जाडी राखावी लागते.

आता मोटारीचे चाक किती फेऱ्या घेते याचा हिशेब करू. टायरसकट चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटर धरा. परीघ झाला सुमारे १९५ सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५१३ फेऱ्या. भाच्याची गाडी त्या चौदा महिन्यांत १८,००० किलोमीटर चालली होती. गुणाकार केला तर ९२ लाखांच्या वर फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत चाकाचा प्रत्येक बिंदू एकदा रस्त्याच्या बाजूला येतो, दबतो आणि वर जाताना मोकळा होतो. आपली तार आपण पंधरा वेळा वाकवली, या चाकाने ९२ लाख वेळा दाब सोसला. त्यात खड्डे वेगळे.

हलके, पण किती हलके?

मुळात ॲल्युमिनियमची चाके करायचीच कशाला? कारण वजन. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन ७.८ ग्रॅम भरते, तर ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम. चाक, टायर आणि ब्रेक हा भाग स्प्रिंगच्या खाली असतो. त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक धक्का तो थेट सोसतो. हा भाग जितका हलका, तितका तो खाचखळग्यांतून चटकन वर-खाली होतो आणि टायर रस्त्याला धरून राहतो. शर्यतीच्या मोटारी करणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. १९२४ साली फ्रान्समध्ये लियों येथील शर्यतीत बुगाटीची ‘टाइप ३५’ ही मोटार उतरली, तेव्हा तिची चाके ओतीव ॲल्युमिनियमची होती आणि त्यांना आठ चपटे आरे होते. पुढे शर्यतीसाठी त्याहूनही हलक्या मॅग्नेशियमची चाके निघाली. आपल्याकडे गॅरेजमध्ये अजूनही ॲल्युमिनियमच्या चाकालाच ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते नाव तेथून आले. त्यात मॅग्नेशियम असते ते नावापुरतेच.

पण घनता एक-तृतीयांश म्हणून चाकाचे वजनही एक-तृतीयांश होईल, असे समजू नका. ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशच असतो. त्यात शिणवट्याची भीती. म्हणून ते जाड करावे लागते. आम्ही भाच्याचे चाक किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले, तर ते ९ किलो ६०० ग्रॅम भरले. त्याच्या गाडीचे मूळ पोलादी चाक ८ किलो २०० ग्रॅमचे होते! चाकाचा व्यास वाढवला, की हलक्या धातूचा फायदा असा हातचा जातो. दुकानदार ‘हलके चाक’ म्हणाला, तर त्याला वजन करून दाखवायला सांगावे.

तुपाचा खळगा

त्या काळ्या खळग्याकडे आता वळू. चाक ओतायची नेहमीची पद्धत अशी आहे. सुमारे ७०० अंश सेल्सिअस तापमानाचा धातूचा रस बंद भट्टीत असतो. भट्टीत हवेचा हलका दाब दिला, की तो रस एका नळीतून वर चढतो आणि पोलादी साच्यात खालून शांतपणे भरतो. वरून धबधब्यासारखा ओतला, तर त्यात हवा आणि ऑक्साइडची साय कालवली जाते. म्हणून ही खटपट.

कढवलेले तूप बरणीत ओतून थंडीत ठेवा. कडेने ते आधी थिजते आणि सर्वांत शेवटी मध्यभागी थिजते. थिजताना तूप आकसते, म्हणून मधोमध खळगा पडतो. ॲल्युमिनियमही थिजताना सुमारे सहा टक्के आकसते. साचा असा आखावा लागतो, की चाकाचा काठ आधी थिजावा, मग आरे आणि शेवटी मधला तुंबा. तुंब्याखालूनच नवा रस मिळत असतो, त्यामुळे आकसलेली जागा भरून निघते. साच्याचा एखादा भाग उगाच आधी थंड झाला आणि रसाची वाट बंद झाली, की आत पोकळी राहते. आरा जेथे काठाला मिळतो, तेथे धातूचा जाड गठ्ठा असतो. अशा ठिकाणी ही भीती जास्त.

दुसरा शत्रू हायड्रोजन. हवेतली किंवा भंगारावरची ओल वितळलेल्या ॲल्युमिनियमला भेटली, की ॲल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन घेते आणि सुटा झालेला हायड्रोजन रसात विरघळतो. रस थिजताना त्याला आत जागा उरत नाही. मग सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखा तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू पाहतो आणि अडकून बसतो. चांगल्या ओतशाळेत रसातून आधी नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूचे बारीक बुडबुडे सोडतात. हायड्रोजन त्या बुडबुड्यांत शिरून त्यांच्याबरोबर निघून जातो. तयार चाकांची क्ष-किरणांनी तपासणी करतात, ती याच पोकळ्या शोधण्यासाठी. पावसाळी हवेत, ओल्या भंगारातून, घाईघाईने ओतलेल्या चाकात काय असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. वरून रंग दिला की दोन्ही चाके सारखीच दिसतात.

सोमवारची नवलाई

नुसते शुद्ध ॲल्युमिनियम चाकाला चालत नाही, ते फार मऊ असते. ओतीव चाकासाठी त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मॅग्नेशियम घालतात. सिलिकॉनमुळे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो. मात्र थिजताना सिलिकॉनचे कण टोकदार पात्यांसारखे वाढतात. अशा पात्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तेथूनच भेग निघते. यावर तोड काढली मूळच्या हंगेरीच्या पण अमेरिकेत राहिलेल्या आलादार पात्स यांनी. रसात चिमूटभर सोडियमचा क्षार टाकला, तर पात्यांऐवजी सिलिकॉनचे बारीक तंतू होतात, असे त्यांना आढळले. १९२१ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आजच्या ओतशाळांत या कामाला बहुधा स्ट्रॉन्शियम वापरतात.

मॅग्नेशियमची गोष्ट याहून गमतीची आहे. लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो आणि विळ्याला पाणी देतो, हे तुम्ही पाहिले असेल. पोलाद त्याच क्षणी कठीण होते. जर्मनीत बर्लिनजवळ अल्फ्रेड विल्म हे धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियमला असेच पाणी देऊन पाहत होते. त्यांच्या मिश्रधातूत तांबे आणि थोडे मॅग्नेशियम होते. तापवून पाण्यात बुडवलेला नमुना काही फारसा कठीण झाला नाही. १९०६ सालची ही हकिकत अशी सांगतात, की शनिवारी अर्धवट राहिलेले मोजमाप त्यांनी सोमवारी पुरे करायला घेतले, तर तोच नमुना आपोआप कितीतरी कठीण झालेला होता! कोणी हात न लावता. याच मिश्रधातूला पुढे ड्युरॅल्युमिन हे नाव मिळाले आणि त्यातून विमाने झाली.

हे का घडले, हे कळायला आणखी तीस वर्षे लागली. साखरेचा पाक आठवा. गरम पाण्यात खूप साखर विरघळते. पाक सावकाश थंड केला, की जास्तीची साखर खडीसाखरेच्या रूपाने बाहेर येते. ॲल्युमिनियम तापवले, म्हणजे तांबे किंवा मॅग्नेशियम त्यात विरघळते. येथे पाक घन असतो, एवढाच फरक. एकदम पाण्यात बुडवले तर जास्तीच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग ते हळूहळू, आतल्या आत, अतिसूक्ष्म पुंजक्यांनी गोळा होतात. हे पुंजके धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, आणि थर घसरले नाहीत म्हणजेच धातू कठीण झाला. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या मदतीने हे पुंजके ओळखले.

मोटारीचे चांगले ओतीव चाक याच मार्गाने जाते. सुमारे ५४० अंशांवर ते काही तास तापवतात, पाण्यात बुडवतात आणि मग सोमवारची वाट न पाहता सुमारे १६० अंशांवर आणखी काही तास ठेवतात. पुंजके नेमके हवे तेवढे वाढले, की थांबतात. कमी वेळ ठेवले तर चाक मऊ, फार वेळ ठेवले तर पुंजके मोठे आणि विरळ होऊन चाक पुन्हा मऊ. स्वस्त चाक करणारा वाचवतो तो बहुधा याच भट्टीचा खर्च. बाहेरून ते कळत नाही.

आता भाच्याला भेटलेल्या एका गॅरेजवाल्याचे ऐका. तो म्हणाला, “तुकडा वेल्डिंग करून बसवून देतो. पॉलिश मारल्यावर कळणारसुद्धा नाही.” ते खरेच कळले नसते, आणि खरी भीती तीच आहे. वेल्डिंगच्या जागी धातू वितळतो, शेजारचा भाग चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो आणि १६० अंशांवर जपून वाढवलेले पुंजके तेथे नाहीसे होतात. शिवलेल्या जागेला लागूनच मऊ धातूचा पट्टा तयार होतो. वाकलेला काठ गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकला तरी हेच होते. पोलादी चाक हातोड्याने सरळ करता येते, कारण ते मुळात तन्य पत्र्याचे असते. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाला ती सवलत नाही. आरा किंवा काठ तडकलेले चाक भंगारातच द्यायला हवे.

ओतीव की घडीव?

कणीक मळल्यावर पोळी फाटत नाही, तसे धातूचेही आहे. दाबून, मळून घडवलेल्या धातूत पोकळ्या मिटतात आणि स्फटिक बारीक होतात. घडीव चाकासाठी ॲल्युमिनियमचा तापवलेला गोल ठोकळा हजारो टनांच्या दाबयंत्रात दाबतात. असे चाक ओतीव चाकापेक्षा हलके असूनही बळकट असते आणि जोराचा दणका बसला, तर तडकण्याऐवजी बहुधा वाकते. किंमत मात्र कित्येक पट.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. चाक आधी ओततात, मग ते तापवून फिरवतात आणि रूळ दाबून त्याचा काठाकडचा पिंपासारखा भाग ताणत पातळ करतात. कुंभाराच्या फिरत्या चाकावर मडक्याची भिंत उंच होते, तसाच हा प्रकार. आरे ओतीवच राहतात, पण खड्ड्याचा मार खाणारा भाग मळलेल्या धातूचा होतो. आपल्या रस्त्यांसाठी, मध्यम खर्चात, मला तरी हा प्रकार सर्वांत पटतो. मात्र ‘घडीव’ किंवा ‘रुळाने ताणलेले’ असे नुसते तोंडी सांगणे पुरेसे नाही.

चाकाची परीक्षा

मग विश्वास कशावर ठेवायचा? कसोट्यांवर. चाकाच्या तीन मुख्य परीक्षा असतात. पहिलीत वळणावर येतो तसा पिळवटणारा वाकताण देत चाक फिरवतात. दुसरीत टायर चढवून, जादा भाराखाली, फिरत्या मोठ्या पिंपावर ते लाखो फेऱ्या पळवतात. या दोन्ही व्होलर यांच्याच प्रयोगाच्या वंशज आहेत.

तिसरी परीक्षा दणक्याची. टायर चढवलेले चाक १३ अंशांनी तिरपे बसवतात आणि त्याच्या काठावर २३० मिलिमीटर उंचीवरून एक वजन सोडतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हे वजन काढायचे सूत्र सोपे आहे. चाकावर जास्तीत जास्त जेवढा भार येणार असेल, त्याला ०.६ ने गुणायचे आणि त्यात १८० किलोग्रॅम मिळवायचे. चाक ४५० किलो भाराचे असेल तर २७० अधिक १८०, म्हणजे बरोबर ४५० किलो. एवढे धूड वीतभर उंचीवरून काठावर पडले, की सुमारे १,००० ज्यूल ऊर्जा चाकाला सोसावी लागते. काठ वाकला तर चालते. पण चाकाचा मधला भाग आरपार तडकला, काठापासून सुटला किंवा एका मिनिटात टायरातली सगळी हवा गेली, तर चाक नापास.

भारतात मोटारीच्या चाकांच्या कसोट्यांसाठी आयएस ९४३६ हे मानक आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहने आणि त्यांचे भाग तपासते. जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल ही अक्षरे असतात. चाक मानकाप्रमाणे केले आहे, असा तो उत्पादकाचा स्वतःचा दाखला. त्याच्या जोडीला व्हीआयए ही खूण असेल, तर त्या नमुन्याची नोंद त्रयस्थ संस्थेकडे झाली आहे असे समजावे. अडचण अशी, की साच्यात अक्षरे कोरायला काही परीक्षा द्यावी लागत नाही. नक्कल करणारा नक्षीबरोबर खूणही उचलतो. म्हणून उत्पादकाचे नाव, कमाल भार आणि ओतल्याची तारीख चाकाच्या मागच्या अंगावर आहे का ते पाहावे, चाचणीचा अहवाल मागावा आणि पक्के बिल घ्यावे. भाच्याच्या चाकावर दोन्ही जपानी खुणा होत्या. उत्पादकाचे नाव मात्र कोठेच नव्हते.

रबर गेले कोठे?

इथपर्यंत दोष चाकात होता. पण अर्धी चूक भाच्याची होती, आणि ती त्याला कागदावर हिशेब मांडल्यावरच पटली.

त्याच्या गाडीचा मूळ टायर १८५/६५ आर १५ या मापाचा. म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि चाकाचा व्यास १५ इंच. भिंतीची उंची झाली १२० मिलिमीटर. हौसेने घेतलेले माप होते २०५/४५ आर १७. त्याची भिंत २०५ च्या ४५ टक्के, म्हणजे फक्त ९२ मिलिमीटर. एकूण व्यास दोन्हींचा जवळजवळ सारखाच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास. गाडीला तो सारखाच ठेवावा लागतो, नाहीतर वेगदर्शक खोटे सांगू लागेल. मग धातू दोन इंचांनी वाढला तो कोणाच्या वाट्याचा? रबराच्या आणि हवेच्या!

रस्ता आणि धातू यांच्यामध्ये उशी असते ती त्या हवेचीच. खड्ड्याच्या कडेवर टायर दबतो. उशी १२० मिलिमीटरची असेल तर धक्का बराचसा तिच्यात जिरतो, ९२ ची असेल तर टायर पुरता चेपून खड्ड्याची कड थेट धातूवर बसण्याची शक्यता वाढते. त्यात हवा कमी असली तर विचारूच नका. आणि वेग दुप्पट झाला, की गतिज ऊर्जा चौपट होते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. म्हणून खराब रस्त्यांवर टिकाऊ चाक हवे असेल, तर पहिली निवड धातूची नसून व्यासाची आहे. मूळ व्यास ठेवा किंवा फार तर एक इंच वाढवा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत चालणारी मापे दिलेली असतात, त्यांच्या बाहेर जाऊ नये. टायरावरचा भारांकही पाहावा. ८८ म्हणजे ५६० किलो आणि ८४ म्हणजे ५०० किलो. २०५/४५ आर १७ मापात ८४ चे टायरही मिळतात. दिसायला रुंद, पण भार पेलायला मूळच्यापेक्षा कमी!

बसते की बसवले?

चाक बळकट असूनही चुकीचे बसवले तर फुकट. ते गाडीच्या हबवर अचूक बसले पाहिजे. ‘४ × १००’ म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोके. ‘५ × ११४.३’ हे विचित्र माप का, याचे उत्तर ११४.३ ला २५.४ ने भागून तुम्हीच काढा. भोके दोन मिलिमीटरनी चुकत असतील, तरी नट ओढून चाक बसवणारे बहाद्दर असतात. अशाने बोल्ट कायमचे वाकलेल्या स्थितीत राहतात आणि शिणवटा त्यांना गाठतो. मधले मोठे भोकही हबवर नेटके बसावे; सैल असेल तर योग्य मापाचे कडे घालावे.

चाकावर ‘ईटी ४५’ असे लिहिलेले असते. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा कमी झाला, की चाक गाडीच्या बाहेर सरकते. दिसते रुबाबदार, पण रहाटाचा दांडा लांब केल्यासारखे होऊन बेअरिंगवरचा मोमेंट वाढतो. चाकाची भारक्षमता पुढच्या किंवा मागच्या, ज्या कण्यावर जास्त भार येतो त्याच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. तोही आकडा पुस्तिकेत सापडतो.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तो धातूचे रक्षण करतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड मात्र हा थर ठिकठिकाणी भेदते. मशीनवर कापून आरशासारखी चकाकी आणलेल्या चाकांवर फक्त पारदर्शक लॅकर असते. त्याला खडी लागून ओरखडा गेला, की लॅकरखाली पांढऱ्या मुंग्यांच्या रांगेसारखे गंज पसरत जातात. तेथे पूर्ण रंगवलेले चाक बरे.

उरलेली तीन चाके

बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून पाहतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडकलेला. रेल्वेतही गाडी थांबली, की चाकांवर हातोडीने ठोकून पाहण्याची जुनी पद्धत होती. भाच्याची उरलेली तीन चाके टायर काढून आम्ही दोरीला टांगली आणि लाकडी हातोडीने वाजवली. तिन्ही छान वाजली. पण बारीक भेग या परीक्षेत सुटते, म्हणून एका वर्कशॉपमध्ये रंगाची परीक्षा करून घेतली. जुन्या कपाच्या तड्यात चहा शिरून रेघ दिसू लागते, तेच तत्त्व. चाक स्वच्छ पुसून त्यावर लाल, पातळ रंग फवारतात. तो भेगेत शिरला, की वरचा रंग पुसून पांढरी पूड उडवतात. भेगेतला रंग पुडीत शोषला जाऊन वर येतो.

दोन चाके कोरी राहिली. तिसऱ्याच्या आतल्या काठावर, जेथे आरा मिळतो त्याच्या बरोबर मागे, बोटाच्या पेराएवढा लाल धागा उमटला. ते चाक मागच्या उजव्या बाजूला होते आणि भाच्याच्या लहान मुलीची बसायची जागा त्याच्यावरच. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दोन्ही तडकलेली चाके भंगारवाल्याने वजनावर घेतली. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने तयार करण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणून त्याला भाव बरा मिळतो. उरलेली दोन भाच्याने कोणाला विकली नाहीत, तीही त्यांच्याबरोबरच दिली. नवी चाके घेतली ती १५ इंचीच, रुळाने ताणलेल्या काठाची, रंगवलेली आणि मागे उत्पादकाचे नाव व भार कोरलेली. काट्यावर एक चाक ६ किलो ९०० ग्रॅम भरले. नट शंकूच्या आकाराचे की गोलाईचे, हे चाकाच्या बैठकीशी ताडून पाहिले आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने, बल मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या १०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला २० किलोचे ओझे टांगावे, एवढा तो जोर होतो. बैठकीवरचा रंग दबून नट थोडे सैल पडतात, म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात.

भाच्याने ते सासवडला जाऊन आल्यावर तपासले. सोळांपैकी तीन नट पाव-पाव आटा फिरले.